टेस्टचा सेटअप आणि हेल्पर फंक्शन: नेहमी येणारे प्रश्न

रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खोलीत मी ऑटोमेशन टेस्टिंगची, म्हणजे ॲप नीट चालतं का ते कोड लिहून तपासण्याची, बॅच घेते. वर्ग संपतो, प्रश्न संपत नाहीत. ते आठवडाभर व्हॉट्सॲपवर येत राहतात आणि त्यातले निम्मे तरी सेटअपबद्दलच असतात. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून हे पान. प्रश्न ज्या बोलीत आले, त्याच बोलीत ठेवले आहेत.

उदाहरणं सगळी आमच्या सरावाच्या ॲपमधली आहेत: कळमन्याच्या बाजारात चालतो तसा संत्र्याचा लिलाव. शेतकरी लॉट नोंदवतो, काट्यावर वजन होतं, अडत्या लिलाव पुकारतो, खरेदीदार बोली लावतो, शेवटी हिशोबपट्टी निघते. ॲप सरावापुरतं आहे, त्यातले दरही धरून चाललेले. टूल मुख्यतः पायटेस्ट, म्हणजे पायथन भाषेत टेस्ट लिहून चालवायचं. दुसरं असेल तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शनची नावं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. खऱ्या कोडमध्ये ती चालतात का, ते प्र. ५ मध्ये.

१. ताई, सेटअप, फिक्स्चर आणि हेल्पर हे तिन्ही एकच का?

जवळजवळ, पण अगदी एक नाही. टेस्ट चालण्याआधी जी तयारी लागते ती करणं म्हणजे सेटअप. तयारी झाल्यावर जे हाताशी असतं ते फिक्स्चर: नोंदवलेला शेतकरी, वजन झालेला लॉट, लॉगिन होऊन बसलेला अडत्या. आणि ही तयारी करून देणारं तुम्ही लिहिलेलं साधं फंक्शन म्हणजे सेटअप हेल्पर.

गोंधळ पायटेस्टमुळे होतो, कारण तिथे तयारी करणाऱ्या फंक्शनलाच फिक्स्चर म्हणतात. मूळ रिवाज केंट बेक यांच्या एसयुनिट या स्मॉलटॉक भाषेतल्या टेस्टच्या टूलपासूनचा, म्हणजे १९९४ च्या आसपासचा. पुढे त्यांनी आणि एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहिलं आणि टेस्टआधी सेटअप, टेस्टनंतर टिअरडाउन (आवराआवर) ही जोडी सगळीकडे गेली. तुमच्या टूलमध्ये नाव काहीही असो, जोडी तीच.

२. दोन टेस्टमध्ये तोच कोड आला. लगेच हेल्पर काढू का?

थांबा. तिसऱ्यांदा आला की काढा. दोन उदाहरणांवरून काढलेला हेल्पर हमखास चुकीच्या जागी कापला जातो, आणि मग तिसरी टेस्ट त्यात बसवायला पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून द्यायच्या गोष्टी) वाढवत बसावं लागतं.

अपवाद एकच. शेतकऱ्याची नोंदणी करायला नाव, गाव, तालुका, सातबारा, बँक खातं अशी दहा रकान्यांची जंत्री लागत असेल आणि तुमच्या टेस्टला त्यातलं काहीच महत्त्वाचं नसेल, तर पहिल्याच दिवशी `शेतकरी_नोंदवा()` लिहून मोकळे व्हा.

३. हेल्परच्या पोटात काय ढकलायचं अन् टेस्टमध्ये काय ठेवायचं?

हा खरा प्रश्न. बाकी पान वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

चौकातल्या पोहेवाल्याकडे बघा. पोहे सगळ्यांना एकाच पातेल्यातले. तर्री मात्र तो विचारल्याशिवाय ओतत नाही. कोणाला वाटीभर, कोणाला दोन थेंब, कोणाला नकोच. त्याने आधीच सगळ्या पोह्यांत तर्री कालवून ठेवली असती, तर गिऱ्हाइकाला काय पाहिजे होतं हे प्लेटकडे बघून कोणालाच कळलं नसतं. हेल्परने पोहे द्यावेत. तर्री टेस्टने आपल्या हाताने घ्यावी.

आता कोडमध्ये. एका विद्यार्थ्याने अडतीची टेस्ट अशी लिहिली होती: पहिली ओळ `लॉट = मानक_लॉट()`, दुसरी ओळ `पट्टी = हिशोब_काढा(लॉट)`, तिसरी ओळ `पट्टी.अडत` ही ३६०० आहे याची खात्री. तीन ओळी, दिसायला एकदम नेटकी. पण ३६०० आले कुठून? वजन किती, भाव किती, टक्का किती, हे बघायला दुसरी फाइल उघडावी लागते. टेस्ट फेल झाली तर चूक हिशोबात आहे की `मानक_लॉट` कोणीतरी बदलला आहे, हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही.

तीच टेस्ट अशी लिहा: `लॉट(वजन_क्विंटल=२०, भाव=३०००, अडत_टक्के=६)`. आता वाचणारा मनातच हिशोब करतो: साठ हजार, त्याचे सहा टक्के, ३६००. शेतकऱ्याचं नाव, गाव, बहार, क्रेटची संख्या हे सगळं हेल्परने आपलं भरून घ्यावं, कारण अडतीशी त्याचं देणंघेणं नाही.

कसोटी म्हणून एवढंच धरा: ज्या किमतीमुळे (म्हणजे व्हॅल्यूमुळे, बाजारभाव नव्हे) टेस्टचा निकाल बदलतो, ती किंमत टेस्टमध्येच दिसली पाहिजे. हेल्परची डीफॉल्ट किंमत, म्हणजे काही दिलं नाही तर तो स्वतः धरतो ती, वैध हवी, पण तिच्यावर कोणी विसंबून असता कामा नये.

हे पाळलं जातंय का, ते तपासायची एक युक्ती मी दर बॅचला करून दाखवते. हेल्परमधलं डीफॉल्ट वजन २० चं ३७ करा, भाव ३००० चा २७५० करा, आणि सगळ्या टेस्ट चालवा. ज्या फेल झाल्या, त्या आजवर न सांगता डीफॉल्टवर टेकून होत्या. गेल्या बॅचमध्ये एकाच्या ४१ पैकी १८ पडल्या. तो म्हणाला, "ताई, ह्या तर सगळ्या उधारीवर जगून राहिल्या होत्या."

४. हेल्परला नऊ पॅरामीटर झाले. चालते का?

सगळ्यांना डीफॉल्ट असेल आणि प्रत्येक कॉलमध्ये दोन-तीनच नावानिशी दिले जात असतील, तर नऊ काय, पंधराही चालतात. कॉल वाचता आला म्हणजे झालं.

त्रास देतात ते हो-नाही वाले पॅरामीटर. `लॉट(सही, चूक, सही)` हे कोणाच्या बापाला कळणार नाही. पायथनमध्ये पॅरामीटरच्या यादीत एक तारा टाकला की त्यापुढचे सगळे नावानेच द्यावे लागतात. हेल्परला ती सक्ती लावूनच टाका. आणि हो-नाहीच्या जोड्या वाढायला लागल्या की समजा, एका फंक्शनात तीन फंक्शनं दडली आहेत. `लॉट(विकला=सही, पैसे_मिळाले=चूक)` यापेक्षा `विकलेला_लॉट()` आणि `पैसे_बाकी_असलेला_लॉट()` ही दोन वेगळी नावं बरी.

जावावाल्यांकडे नावानिशी पॅरामीटर नाहीत, म्हणून तिथे बिल्डर लिहितात: `लॉट_घडवा().वजन(२०).भाव(३०००).तयार()`. पायथनमध्ये तो द्राविडी प्राणायाम सहसा लागत नाही.

५. नावं कशी ठेवायची? मराठीत ठेवली तर चालते का?

नाव कृतीचं न ठेवता त्यातून हाती येणाऱ्या स्थितीचं ठेवा. `सेटअप_दोन`, `तयारी_नवीन`, `डेटा_बनवा_फायनल` ही मी खरोखर पाहिलेली नावं आहेत. त्याऐवजी `बोली_सुरू_असलेला_लिलाव` म्हटलं की टेस्ट वाचताना थांबावं लागत नाही. नावात `आणि` आलं की फंक्शन दोन ठिकाणी तोडायची वेळ झाली.

मराठीचं म्हणाल, तर पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, जावातही. पण दोन ठिकाणी ठेच लागते. एक, कोडमध्ये थेट लिहिलेले अंक इंग्रजीच (1, 2, 3) लागतात. आकडा बनवून देणाऱ्या `इंट` ला अवतरणातला "२०" दिला तर मात्र तो मुकाट्याने वीस समजतो. दुसरं, काही कीबोर्ड "ऱ्य" टाइप करताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पायथन ते नावात घेत नाही, आणि डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा अख्खा तास `शेतकऱ्याचा_लॉट` या नावापायी गेला.

टीममध्ये पुण्या-बंगळुरूची मंडळी असतील तर इंग्रजीच ठेवा. पण `अडत`, `हमाली`, `काटापट्टी` यांना ओढूनताणून इंग्रजी शब्द शोधू नका. बाजारात जो शब्द चालतो तोच रोमन लिपीत लिहा.

६. सगळंच सेटअपमध्ये टाकून दिलं तर? प्रत्येक टेस्टला आयतं मिळेल ना.

मिळेल, आणि कोणाला काय लागतं ते कोणालाच कळणार नाही. टेस्ट ज्यात असतात त्या कोडमधल्या क्लासच्या सेटअपमध्ये शेतकरी, तीन लॉट, दोन खरेदीदार, चालू लिलाव असं सगळं मांडून ठेवलं, तर जिला फक्त मोबाइल नंबर तपासायचा आहे ती टेस्टही अख्खा बाजार भरेपर्यंत वाट बघत बसते. सहा महिन्यांनी तिसरा लॉट काढायला गेलात की कुठल्या तरी कोपऱ्यातली "एकूण लॉट तीन" वाली टेस्ट रडते.

पायटेस्टमध्ये आपोआप लागू होणारं फिक्स्चर असतं, ऑटोयूज. ते फक्त अशा गोष्टींना लावा ज्या टेस्टच्या अर्थात येत नाहीत: खरा एसएमएस जाऊ न देणं, लॉग शांत करणं. लॉट, लिलाव, बोली असला धंद्याचा माल ऑटोयूजमध्ये नको. टेस्टने तो नाव घेऊन मागावा.

७. दर टेस्टला स्क्रीनवरून लॉगिन करून राहिलो. लय वेळ जाते.

लॉगिनची स्वतःची एक-दोन टेस्ट स्क्रीनवरून करा. बाकीच्यांना लॉगिन झालेला वापरकर्ता हवा आहे, लॉगिन नको. तो एपीआयमधून, म्हणजे स्क्रीन टाळून कोडने थेट सर्व्हरशी बोलून, मिळवा. ब्राउझर चालवणाऱ्या प्लेराइट या टूलमध्ये एकदा लॉगिन करून कुकी आणि लोकल स्टोरेज फाइलमध्ये साठवता येतं आणि पुढच्या टेस्ट तिथूनच सुरू होतात. सेशन स्टोरेज त्यात येत नाही. तुमचं ॲप टोकन तिथे ठेवत असेल तर "फाइल आहे तरी लॉगिन मागून राहिलं" हा मेसेज मला पाठवू नका, कारण हेच आहे. आणि ती फाइल गिटमध्ये टाकू नका, तिच्यात चालू सेशन असतं.

लॉटचंही तेच. हिशोबपट्टीची टेस्ट असेल तर लॉट पाच स्क्रीन फिरून तयार करू नका. पण थेट टेबलात ओळ घुसवायच्या आधी विचार करा. ॲप लॉट नोंदवताना काटापट्टीचा क्रमांकही काढतं, आणि तुमच्या इन्सर्टने तो काढलाच नाही, तर खऱ्या आयुष्यात कधीच दिसणार नाही असा लॉट तुम्ही तपासत बसता. माझी पसंती एपीआय, मग ॲपचा आतला सर्व्हिस थर, आणि सगळ्यात शेवटी थेट डेटाबेस.

८. एकदाच करून सगळ्यांनी वापरावं की प्रत्येक टेस्टला नवं?

फिक्स्चर किती वेळ टिकतं, तो त्याचा स्कोप. पायटेस्टमध्ये असे पाच: फंक्शन, क्लास, मॉड्यूल, पॅकेज, सेशन. काही सांगितलं नाही तर फंक्शन, म्हणजे दर टेस्टला ताजं. तेच ठेवा.

मोठा स्कोप फक्त महाग आणि न बदलणाऱ्या गोष्टींना: ब्राउझर उघडणं, डेटाबेसचा कंटेनर उठवणं, तालुक्यांची यादी भरणं. ज्याला कोणतीही टेस्ट हात लावून बदलू शकते, ते वाटून घेऊ नका. एकीने लॉट विकला की दुसरीला विकलेलाच मिळतो (पुढचं प्र. ११ मध्ये).

भाषा बदलली की गृहीतकंही बदलतात. जेयुनिट प्रत्येक टेस्ट मेथडसाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं, त्यामुळे साध्या फील्डमधला कचरा पुढे जात नाही. डॉटनेटचं एनयुनिट मूळ सेटिंगमध्ये एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना वापरतं. जावाहून डॉटनेटला गेलेल्या माणसाला हे पहिल्या महिन्यात चावतंच.

९. सफाई कोणी करायची? सेटअप अर्ध्यात फुटला तर काय होते?

ज्याने मांडलं त्याने उचलावं. लॉट बनवणाऱ्या फिक्स्चरमध्येच यील्डच्या (तयार माल टेस्टच्या हाती देणाऱ्या ओळीच्या) खाली तो काढून टाकायचा कोड लिहा, म्हणजे दोन्ही नजरेसमोर राहतात.

अर्ध्यात फुटण्याचा भाग मात्र नीट समजून घ्या. पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्ट या टूलमध्ये `सेटअप` मध्ये चूक आली तर `टिअरडाउन` चालतच नाही. म्हणजे तुम्ही शेतकरी बनवला, लॉट बनवला, आणि तिसऱ्या ओळीत लिलाव उघडताना एरर आली, तर शेतकरी आणि लॉट तसेच पडून राहतात. म्हणून तिथे `ॲड-क्लीनअप` वापरा: शेतकरी बनला की लगेच पुढच्याच ओळीत त्याची सफाई नोंदवा, लॉट बनला की त्याची. सेटअप फुटला तरी नोंदवलेली सफाई चालते, आणि उलट क्रमाने चालते, म्हणजे आधी लॉट जातो, मग शेतकरी.

पायटेस्टमध्ये यील्डच्या आधी एरर आली तर त्या फिक्स्चरचा यील्डनंतरचा भाग चालत नाही; पण त्याआधी पूर्ण झालेल्या बाकी फिक्स्चरची सफाई होते. म्हणून एका फिक्स्चरने एकच गोष्ट मांडावी. शेतकऱ्याचं वेगळं, लॉटचं वेगळं, लिलावाचं वेगळं.

एक जास्तीची सवय: मागच्या रनची सफाई झालीच नाही असं धरून, सेटअपच्या सुरुवातीलाच जुना कचरा झाडा. वीज गेली, कोणी मधेच रन थांबवला, तर कुठलीच सफाई चालत नाही. मे महिन्यात आमच्याकडे हे दर रविवारी होतं.

१०. ट्रान्झॅक्शन रोलबॅक केलं की सफाईची गरजच नाही ना?

रोलबॅक म्हणजे टेस्टने डेटाबेसमध्ये केलेले बदल पक्के (कमिट) न करता मागे घेणं. मग बहुतेक वेळा सफाईची गरज नाही, आणि ते वेगवानही असतं. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचा `टेस्टकेस` प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी मागे घेतो. दोन ठिकाणी मात्र ते तुम्हाला फसवतं. ॲपचा कोड "कमिट झाल्यावर एसएमएस पाठव" असा असेल, तर इथे कमिट होतच नाही, त्यामुळे एसएमएसचा कोड चालतच नाही. जँगो ३.२ पासून ते कॉलबॅक पकडून चालवायची सोय आहे, ती वापरा. दुसरं, ब्राउझरमधून वेगळ्या सर्व्हरशी बोलणारी टेस्ट असेल तर त्या सर्व्हरचं डेटाबेस कनेक्शन वेगळं. तुमच्या ट्रान्झॅक्शनमधला लॉट त्याला दिसतच नाही. तिथे प्र. ९ मधली हाताने सफाई.

११. टेस्ट एकटी चालवली तर पास, सगळ्यांसोबत फेल होऊन राहिली. काऊन?

कोणीतरी आधी येऊन काहीतरी बदलून गेलं आहे. संशयित या क्रमाने बघा: मोठ्या स्कोपचं फिक्स्चर (प्र. ८), न झालेली सफाई (प्र. ९), आणि हेल्परमधलं बदलता येणारं डीफॉल्ट.

तिसऱ्याबद्दल थोडं. `लॉट(प्रती=[])` असं लिहिलं, तर ती रिकामी यादी पायथन फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच बनवतं. एका टेस्टने त्यात "अव्वल" टाकलं की पुढच्या प्रत्येक लॉटमध्ये "अव्वल" आधीच बसलेलं असतं. डीफॉल्ट नन (पायथनचं "काहीच नाही") ठेवा आणि यादी फंक्शनच्या आत बनवा.

उलटंही होतं: सगळ्यांसोबत पास, एकटी फेल. ती टेस्ट दुसरीने केलेल्या तयारीवर जगते आहे. टेस्टचा क्रम रोज पिसणारं प्लगइन लावलं की दोन्ही प्रकार आठवड्याभरात बाहेर येतात.

१२. चार वर्करवर समांतर चालवलं तर सगळं कोसळलं.

एक्सडिस्ट हे पायटेस्टच्या टेस्ट समांतर चालवणारं प्लगइन. त्यात प्रत्येक वर्कर ही वेगळी प्रोसेस असते. सेशन स्कोपचं फिक्स्चर "एकदाच" चालतं असं आपण म्हणतो, ते दर वर्करला एकदा चालतं. चार वर्कर म्हणजे चार वेळा. चौघांनी एकाच मोबाइल नंबरचा शेतकरी नोंदवायला घेतला की तिघे आपटतात.

उपाय: जे एकमेव असायला हवं, ते हेल्परने स्वतः एकमेव बनवावं. वर्करचा क्रमांक मिळतो, तो आणि एक वाढता आकडा जोडून नंबर बनवा. डेटाबेसही दर वर्करला वेगळा दिला तर उत्तमच. आणि ॲप एका वापरकर्त्याला एकच सेशन देत असेल, तर चार वर्करना चार वेगळे अडते द्या, नाहीतर ते एकमेकांना बाहेर ढकलत राहतात.

१३. फेकरने रँडम नावं-पत्ते घेतले तर टेस्ट जास्त खऱ्या वाटतात ना?

वाटतात, फेकर खोटी पण खरी वाटणारी माहिती बनवून देतोच. आणि मंगळवारी एक फेल होते, बुधवारी पास होते, आणि मंगळवारी नाव काय आलं होतं ते कोणाला माहीत नसतं. रँडम वापरायचंच असेल तर सीड (ज्या आकड्यावरून रँडम क्रम ठरतो तो) ठरवा आणि तो लॉगमध्ये छापा. मला स्वतःला `शेतकरी_१`, `शेतकरी_२` ही अनाकर्षक नावं आवडतात. लांब नाव, जोडाक्षरं, आडनावच नसणं हे तपासायचं असेल तर त्यासाठी नाव घेऊन वेगळी टेस्ट लिहा.

१४. रात्रीच्या रनमध्ये फेल, सकाळी आम्ही चालवली की पास. भूत आहे का?

भूत नाही, साडेपाच तास आहेत.

हे माझ्यासोबत झालेलं सांगते. एका कंपनीत असताना आमचा रन रात्री दोनला लागायचा. "आजचे लॉट दिसतात" अशा अर्थाच्या आठ-नऊ टेस्ट रोज रात्री फेल. सकाळी दहाला येऊन पुन्हा चालवल्या की हिरव्या. तीन आठवडे आम्ही त्यांना "लहरी" म्हणत होतो आणि फेल झाली की आपोआप पुन्हा चालवायची सोयही करून ठेवली होती. त्या सोयीची मला आजही लाज वाटते.

कारण हेल्परमध्ये होतं. तो लॉटची तारीख म्हणून "आज" घ्यायचा, आणि ज्या मशीनवर रन चालायचा तिचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे होतं. आपली रात्रीची दोन म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. हेल्पर कालचा लॉट बनवायचा, ॲप भारतीय वेळेनुसार आजचे लॉट दाखवायचं. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ही दोन्ही "आज" वेगळी असतात. सकाळी दहाला दोघांचं पुन्हा जुळायचं. बाजाराचं ॲप असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण माल पहाटेच येतो. नेमक्या धंद्याच्या वेळेत तारीख चुकते.

हेल्परने "आज" कधीच स्वतःहून घेऊ नये. तारीख पॅरामीटर म्हणून द्या किंवा घड्याळ गोठवा, आणि टाइमझोन नेहमी सोबत लिहा. मी आता पहाटे ४:५० ही वेळ मुद्दाम डीफॉल्ट ठेवते. चूक असेल तर दिवसाढवळ्या सापडते.

१५. हेल्परच्या आत असर्ट टाकावा का?

असर्ट म्हणजे "हे असंच आहे" याची खात्री करणारी ओळ. टेस्टचा मुख्य निकाल हेल्परमध्ये नको. पण तयारी झाली की नाही, हे हेल्परने नक्की बघावं. एपीआयने लॉट नाकारला आणि हेल्पर गप्प बसला, तर तीस ओळी पुढे "नन मध्ये वजन नाही" अशी एरर येते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. हेल्परने तिथेच थांबून सांगावं: "लॉट नोंदला नाही, सर्व्हरचं उत्तर हे".

पायटेस्टमध्ये फिक्स्चर फुटलं तर ती टेस्ट फेल न दाखवता एरर दाखवली जाते. हा फरक जपा. फेल म्हणजे ॲप चुकलं असावं, एरर म्हणजे मांडणीच झाली नाही. सकाळी रिपोर्ट बघताना २० एरर आणि शून्य फेल दिसले, की मी ॲपवाल्या पोरांना फोन करायच्या आधी सर्व्हर चालू आहे का ते बघते.

१६. हेल्परमध्ये स्लीप टाकला की सगळं नीट चालते. राहू देऊ?

काढा. पाच सेकंदांचा स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) २०० टेस्टमध्ये गेला की १,००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ मिनिटं नुसती झोप. "लिलाव चालू अशी स्थिती येईपर्यंत, जास्तीत जास्त दहा सेकंद" असं थांबा, आणि नाही आली तर प्र. १५ सारखं स्पष्ट बोलून फुटा.

१७. हेल्परचीच टेस्ट लिहायची का?

सहसा नाही; त्याला वापरणाऱ्या टेस्टच त्याला तपासतात. हेल्परमध्ये जर-तर आणि लूप वाढून टेस्ट लिहावीशी वाटली, तर आधी हेल्पर सोपा करा. एकमेव नंबर बनवणारं फंक्शन (प्र. १२) मात्र मी तपासते.

१८. जुन्या टीमने १,२०० ओळींची हेल्पर फाइल सोडून गेली. कुठून धरू?

एका दमात नवी लिहायला जाऊ नका. पायटेस्ट असेल तर `सेटअप-शो` हा पर्याय लावून एक टेस्ट चालवा. कोणतं फिक्स्चर कधी उभं राहिलं आणि कधी मोडलं ते क्रमाने दिसतं. बहुतेकांना पहिला धक्का इथेच बसतो, की साध्या टेस्टमागे १४ फिक्स्चर उभी आहेत.

मग कोणीच वापरत नाही ती फंक्शनं उडवा. त्यानंतर प्र. ३ मधली डीफॉल्ट बदलायची युक्ती, एका वेळी एकच डीफॉल्ट. पडलेल्या टेस्टमध्ये ती किंमत नाव घेऊन लिहा, हिरव्या झाल्या की पुढचं डीफॉल्ट. ॲपच्या कोडला या काळात हात लावू नका, नाहीतर कशामुळे काय पडलं ते कळणार नाही. शेवटी उरलेल्या राक्षसी फंक्शनचे तुकडे करा. मला असल्या एका फाइलला रोज अर्धा तास देऊन दीड महिना लागला होता.

१९. अशी कोणती टेस्ट आहे का जिथे हेल्पर वापरूच नये?

आहे. जी गोष्ट हेल्पर करतो, तीच तपासायची असेल तेव्हा. शेतकरी नोंदणीची टेस्ट `शेतकरी_नोंदवा()` वापरून लिहिली, तर हेल्परने भरलेले रकाने बरोबर होते एवढंच सिद्ध होतं. तिथे प्रत्येक रकाना टेस्टनेच भरावा.

तसंच पहिला शेतकरी, पहिला लॉट, पहिला लिलाव, पहिली बोली आणि शेवटी हिशोबपट्टी असा अख्खा प्रवास करणारी एक टेस्ट असते. नव्या माणसाला ॲप समजावताना मी तीच उघडते. तिच्यात एकही हेल्पर नाही, ६२ ओळी आहेत, आणि दर बॅचला कोणीतरी ती "साफ" करून पाठवतं. मी ती परत ६२ ओळींची करते.